मागच्या खोलीचा गिलावा

आमेदेओने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. बेचाळीस वर्षांनी भेटणारा माणूस आधी तोंडाकडे बघेल, केस किती गेले, गाल किती उतरले याचा हिशेब करेल, अशी माझी अपेक्षा होती, आणि त्या दृष्टीने मी सकाळी दाढीही दोनदा केली होती. पण तो कान्नारेज्जोच्या कालव्यावरच्या पुलाच्या माथ्यावर, गुडघ्यापर्यंत हिरवे गमबूट चढवून उभा होता आणि माझ्या तपकिरी चामडी बुटांकडे टक लावून बघत होता. पुलाखाली पाणी काठ ओलांडून फरशीवर पसरू लागलं होतं. मासळीवाली गमबुटांत होती, गिरज्यातून घरी निघालेले पाद्रीबाबा गमबुटांत होते, समोरच्या म्हातारीने कुत्रं काखेत घेतलं होतं आणि ती स्वतः गमबुटांत होती. साध्या बुटांत असलेली माणसं दोनच प्रकारची होती. एक, पाय उचलून खिदळणारे प्रवासी, आणि दुसरा मी. साडेसहाला भोंगा झाला होता. भोंगा झाला की तीन तासांनी पाणी चढतं, हे इथं अंथरुणात पडलेल्या माणसाला झोपेतही कळतं. त्याचे पाय आपोआप दारामागच्या गमबुटांकडे जातात. फक्त तो भोंगा ऐकायला रात्री या शहरात झोपलेलं असावं लागतं. मेस्त्रेत, पलीकडच्या जमिनीवर, तो ऐकू येत नाही. मेस्त्रेत मोटारी ऐकू येतात.

"भोंगा ऐकला नाहीस?" आमेदेओ म्हणाला. बेचाळीस वर्षांनंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

ऐकला, पण म्हटलं एवढं काही चढणार नाही, असं मी सांगितलं. भोंगा ऐकूनही बुटांत बाहेर पडणारा माणूस या शहरात एक तर परका असतो नाहीतर वेडा. त्याने मला वेडा समजावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि त्याला मिठी मारली. तो बारीक झाला होता. कोटाला जुन्या कपाटाचा वास होता. माझ्या कानाशी तोंड असतानाच त्याने विचारलं, "गिलावा वाळला का रे?"

"ओल आहे अजून," मी म्हणालो.

ही ओल काय आहे ते सांगून टाकतो. सहासष्टच्या नोव्हेंबरात समुद्र शहरात शिरला आणि दिवसभर परत गेला नाही. आमेदेओ आणि त्याची आई नोर्माकाकू आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर राहत. त्यांच्या चुलीवर पाणी आलं, पाण्यावर कुठल्याशा टाकीतलं काळं तेल तरंगत आलं, आणि ते ओसरलं तेव्हा भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर काळा पट्टा उमटला होता. माझे वडील दोघांना एकसष्ट पायऱ्या चढवून आमच्याकडे वर घेऊन आले आणि मागची खोली त्यांना दिली. नोर्माकाकू फेब्रुवारीत छातीच्या दुखण्याने त्याच खोलीत गेल्या. आमेदेओ तिथंच राहिला, सहा वर्षं, कालव्याकडच्या भिंतीला लागून घातलेल्या पलंगावर. त्या भिंतीला ओल होती. ती दर हिवाळ्यात थोडी सरके, थोडी पसरे. आम्ही दोघं पलंगावर पडून तिच्यात बेटं शोधायचो. मग तो ॲडलेडला गेला आणि तिकडून पत्रं लिहू लागला. पत्रात उन्हाळा, बागेतली लिंबं, मुलीचं लग्न, बायकोचं आजारपण, असं सगळं असायचं आणि शेवटी हमखास एक ओळ: मागच्या भिंतीची ओल कुठवर आलीय? मी पलंगाच्या कठड्यापासून बोटांनी मोजून कळवायचो. प्रामाणिकपणे कळवायचो. निदान एकतीस वर्षं.

मग माझ्या बायकोचं, लुईजिनाचं कंबरेचं हाड झिजलं. एकसष्ट पायऱ्या ती दिवसातून एकदा उतरायची आणि एकदाच चढायची, आणि चढताना प्रत्येक जिन्यावर थांबून माझ्या घराण्यातल्या एकेकाचा उद्धार करायची. मुलगा म्हणाला, बाबा, तुमच्याकडे यायचं तर मोटार कुठं लावायची? हा प्रश्न मोटारी नसलेल्या या शहरात कुणी कुणाला पूर्वी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. घर त्रेव्हिझोच्या एका दातांच्या डॉक्टरने घेतलं, भांड्यांसकट, पलंगांसकट, दारामागच्या गमबुटांसकट. आम्ही पूल ओलांडून जमिनीवर गेलो, लिफ्ट असलेल्या इमारतीत. त्याला अकरा वर्षं झाली. आमेदेओला हे लिहिणार होतो. पहिल्या पत्रात लिहिणार होतो, पण त्यातच त्याची बायको गेल्याची बातमी आली. बायको गेलेल्या माणसाला, तुझी आई जिथं गेली ती खोलीही गेली, असं कसं लिहिणार? दुसऱ्या पत्रात लिहिणार होतो. त्यात तो ओल विचारत होता, म्हणून आधी ओलीचं लिहिलं. मग लक्षात आलं की ओलीचं लिहिल्यावर घर विकल्याचं लिहिता येत नाही. घराच्या खालच्या पत्रपेट्या खाऱ्या हवेने गंजल्या आहेत, पत्रं कोपऱ्यावर ओरेस्तेच्या गुत्त्याच्या पत्त्यावर टाक, एवढं मात्र कळवलं. अकरा वर्षं मी मेस्त्रेच्या स्वयंपाकघरात बसून, समोर कोरडी ठणठणीत भिंत असताना, एका न दिसणाऱ्या ओलीचा वृत्तांत लिहीत आलो. माणसाला काम दिलं की तो त्यात कसब दाखवतोच. एका हिवाळ्यात मी तिला खिडकीपर्यंत नेलं. एकदा कोरड्या उन्हाळ्यात दोन बोटं मागे घेतली, कारण सारखी वाढवत गेलो तर त्याला संशय येईल. लुईजिना म्हणायची, लिहून टाका एकदा खरं काय ते. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

पुढच्या खेपेला त्याचंच पत्र आलं. मुलीच्या घराच्या आवारातल्या खोलीत राहतो, तिथं दिवसभर कुणी बोलत नाही, मागची खोली अजून रिकामी असेल तर येतो आणि परत जात नाही. मी उत्तर लिहिलं, खोली तुझीच आहे. हात आपोआप तसं लिहून गेला. पुढं जोडलं की सध्या तिथं नवा गिलावा केलाय, वाळेपर्यंत चार दिवस कुठंतरी स्वस्तात उतर. तो आला. फोन करून म्हणाला, स्टेशनच्या अंगाला एक स्वस्त खोली मिळालीय, तीन दिवस झोप काढतो, रविवारी भेटू, आणि रविवारी आपण शहर बघू. एक पैसा खर्च न करता.

म्हणून मी आज सकाळी मेस्त्रेहून बसने आलो, बस जिथं संपते तिथं उतरलो आणि मागच्या गल्ल्यांतून लांबचा वळसा घालून पुलावर घराच्या दिशेने अवतरलो, जणू एकसष्ट पायऱ्या उतरूनच येतोय. त्या वळशात मी तीस मिनिटं खर्च केली होती. बुटांचा विचार कुठंच केला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याला सांगायचं होतं की तुला राहायला खोली नाही, अकरा वर्षांपासून नाही. आणि सांगायचं नसेल तर गिलावा आणखी किती दिवस ओला ठेवता येतो, याचा अंदाज घ्यायचा होता.

आमेदेओकडे एक छोटी वही होती. तिच्यात त्याने फुकटात काय काय बघता येतं ते लिहून आणलं होतं. तिकीट असलेल्या प्रत्येक गोष्टीवर काट मारली होती, आणि त्या काटांखाली शहराचा बराच भाग गेला होता. फळ्यांच्या उंच वाटांवरून आम्ही प्रवाशांच्या रांगेत सान मार्कोकडे निघालो. माझे बूट आत्ताच पुढून काळे पडले होते. तो मला सारखं विचारत होता, हे कुणाचं घर, ते कुणाचं. एकतीस वर्षं मी पाण्यावरच्या बसवर दोर टाकायचं काम केलं. मोठ्या कालव्यावरचा प्रत्येक खांब मला माहीत आहे, कुठला दोर नीट धरतो, कुठला घसरतो. खांबामागच्या वाड्यांत कोण राहिलं ते मला कधी कळलं नाही. प्रवासी विचारायचे तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो, इथं एका ड्यूकने बायकोचा गळा दाबला. पुढच्या थांब्यावर ड्यूकच्या बायकोने ड्यूकला विष घालायचं. लोक आभार मानून टिपून घ्यायचे. आज आमेदेओ विचारत होता आणि माझ्या तोंडून तेच ड्यूक बाहेर पडत होते. तो मान हलवत होता. एका लाल इमारतीपुढे थांबून म्हणाला, "इथं तर शिधावाटपाचं दुकान होतं रे. आई मला रांगेत उभं करायची." मी म्हणालो, त्याआधीचं सांगतोय. तो म्हणाला, हां, मग बरोबर. हसला नाही. एखादा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतोय की आपल्याला सांभाळून घेतोय, हे त्याच्या मान हलवण्यावरून कळत नाही. मी दिवसभर त्या मानेकडे बघत होतो.

आणि गमबुटांकडे. एकदा तो फळीवरून उतरून पाण्यातून चालू लागला तेव्हा डाव्या टाचेवर मला ठिगळ दिसलं. सायकलच्या ट्यूबचं, लंबगोल, कडेला जास्तीचं सोल्युशन ओघळलेलं. माझे वडील असंच ठिगळ लावायचे, कडेला ओघळ ठेवून, आणि आई म्हणायची की या माणसाने जन्मात एक गोष्ट पुसून घेतली नाही. गमबूट कुठले, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, जिथं उतरलोय तिथं दारामागे पडले होते, सकाळी भोंगा झाला तसे घातले. मी म्हणालो, बरं झालं. या शहरात ट्यूबचं ठिगळ लावणारे पुष्कळ असतील. प्रत्येकाच्या घरात एक न पुसणारा बाप असेलच. मी मनाला हे समजावलं आणि मनाने समजून घेतलं. अकरा वर्षांत त्यालाही सवय झाली आहे.

सान मार्कोच्या देवळात शिरायला फुकट होतं, म्हणून आम्ही शिरलो. म्हणजे रांगेत उभे राहिलो. माझ्या लहानपणीच्या पहिल्या दीक्षेनंतर मी आत गेलो नव्हतो. इथं राहणारा माणूस तिकडं जात नाही, जसं कुणी आपल्याच घराच्या माळ्यावर कारणाशिवाय चढत नाही. आत सोनं होतं, खूप वर, आणि खाली फरशीवर पाणी होतं आणि पाण्यात सोनं हलत होतं. पाणी बुटांत शिरलं. मोजे जड झाले. आमेदेओ डोळे वर करून बघत होता आणि त्याच्या गळ्याची कातडी कोंबडीसारखी ताणली गेली होती, आणि मला एकदम त्याच्या आईचा गळा आठवला, त्या फेब्रुवारीतला. ती उशीवर मान टाकून छताकडे बघायची. शेवटच्या दिवसांत ती म्हणायची, भिंत जवळ येतेय. आम्ही हसायचो, काकू, भिंत नाही, ओल. ती म्हणायची, तेच ते. ती गेली त्या दिवशी आमेदेओ रडला नाही. त्याने पेन्सिल घेतली आणि ओलीच्या कडेने भिंतीवर बारीक रेघ ओढली. का ओढली ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतरची त्याची सगळी मापं त्या रेघेपासून होती. बोटं मी पलंगाच्या कठड्यापासून मोजायचो, पण तो मनात ती रेघेशी जुळवून घेत असणार. आणि ती रेघ मी दातांच्या डॉक्टरला विकली होती, भांड्यांसकट.

दुपारी पाणी उतरलं. खायला पाव आणि सार्डिनचा डबा आमेदेओने खिशातून आणला होता. आम्ही एका पुलाच्या पायऱ्यांवर बसलो आणि मी बूट काढून मोजे पिळले. पहिला घास तोंडात जातो तोच पिवळा अंगरखा घातलेली एक मुलगी आली आणि तिने आम्हाला इंग्रजीत सांगितलं की पायऱ्यांवर बसून खायला मनाई आहे. मी आमच्या बोलीत म्हणालो, बाई, मी इथंच जन्मलो. तिने माझ्या उघड्या पायांकडे, पिळलेल्या मोज्यांकडे पाहिलं आणि पुन्हा इंग्रजीतच सांगितलं, या खेपेला हळू, शब्द सुटे करून. मग आमेदेओच्या गमबुटांकडे बघून त्याला आमच्या बोलीत म्हणाली, "काका, तुम्ही तरी पाहुण्यांना समजावायचं ना." आमेदेओने तिची माफी मागितली. डबा बंद केला. मला म्हणाला, चल पाहुण्या.

मोठा कालवा ओलांडायला आम्ही दोन काठांत ये-जा करणारी होडी घेतली. आमेदेओच्या वहीत ती पुलापर्यंतची पायपीट वाचते म्हणून अपवादात लिहिली होती. इथं होडीत उभं राहायचं असतं. बसतो तो बाहेरचा. रहिवाशाचा दर वेगळा, आणि तो कुणी विचारत नाही. माणूस चिल्लर नावाड्याच्या हातावर ठेवून सरळ उभा राहतो, आणि त्या उभं राहण्यावरूनच नावाडी ओळखतो. मी आयुष्यात हजारदा असा उभा राहिलो असेन. आजही उभा राहिलो. पण एकतीस वर्षं बोटीवर उभ्या राहिलेल्या माझ्या पायांना ओल्या बुटांत फळी समजेना. होडी हलली तसा मी डगमगलो आणि बाकावर बसलो. नावाड्याने आमेदेओकडून रहिवाशाची चिल्लर घेतली, न बघता. माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली. दोन युरो. मी खिशात हात घातला. वाद घालता आला असता. ओळखपत्र आहे का, असं त्याने विचारलं असतं, आणि माझ्या ओळखपत्रावर मेस्त्रे लिहिलंय. आमेदेओ माझ्या शेजारी सरळ उभा होता, हात मागे बांधून, काठ बघत. बेचाळीस वर्षं ॲडलेडमध्ये ट्रामचे ब्रेक दुरुस्त केलेला माणूस. मी दोन युरो दिले.

काठाला लागताना त्याने समोर बघतच विचारलं, "गिलावा किती दिवसांत वाळतो रे साधारण?"

मी म्हणालो, हवा अशी दमट असली की सांगता येत नाही. आता सांगावं, असं त्याच वेळी वाटलं. वाक्य तयारही झालं होतं, दोनच शब्दांचं. पण होडी काठाला आपटली आणि माझा हात सवयीने दोर शोधायला गेला आणि तिथं दोर नव्हता.

चारच्या सुमाराला तो म्हणाला, थकलो, ओरेस्तेकडे एकेक पेला घेऊ. मला ओरेस्तेकडे जायचं नव्हतं. ओरेस्तेला सगळं ठाऊक आहे; अकरा वर्षं पत्रं तोच काउंटरखाली ठेवतो आणि दर पत्रामागे माझ्याकडे असा बघतो, जसं एखाद्याने बाईचं प्रकरण लपवायला त्याच्या दुकानाचा पत्ता वापरावा. पण आमेदेओ पुढं निघालाही होता, गल्ल्यांतून न विचारता, न चुकता. आत शिरल्यावर ओरेस्तेने मला विचारलं, काय घेणार गिल्दो, पांढरी की लाल? आणि आमेदेओपुढे न विचारता पांढरीचा छोटा पेला आणि उकडलेलं अर्धं अंडं ठेवलं. मी ते पाहिलं. ओरेस्तेने मी पाहिल्याचं पाहिलं, आणि तो फडक्याने काउंटरचा एकच कोपरा बराच वेळ पुसत राहिला. आमेदेओने अंडं खाल्लं. तोंड पुसून म्हणाला, चल, तुला घरापर्यंत सोडतो. एकसष्ट पायऱ्या चढत नाही मी आता, दारातून परत जाईन.

कोपऱ्यापासून दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. त्या चाळीस पावलांत मी काय काय ठरवलं ते आठवत नाही. किल्ली विसरली म्हणायचं. लुईजिना झोपली असेल, घंटी वाजवली तर रागावेल. तू जा, मी ओरेस्तेकडे थोडा बसतो. संधिप्रकाश होता. दारावर पूर्वी आमच्या आडनावाची पितळी पट्टी होती, तिथं आता आकड्यांची बटणं असलेला डबा होता. आमेदेओला तो दिसू नये म्हणून मी पुढं होऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि कोटाचे खिसे चाचपू लागलो. डावा, उजवा, आतला, पुन्हा डावा. पँटचे. मेस्त्रेच्या घराची किल्ली हाताला लागत होती आणि मी तिला पुन्हा पुन्हा खिशात सोडत होतो. किती वेळ गेला असेल कुणास ठाऊक. तो शांतपणे बघत होता, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मग त्याने माझा खांदा धरून मला हळूच बाजूला केलं, खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं.

जिन्यात तोच वास होता. मी पायऱ्या मोजल्या नाहीत, पायांनी मोजल्या. तो पुढं चढत होता, प्रत्येक जिन्यावर थांबत, आणि ठिगळाची टाच माझ्या डोळ्यांसमोर वर जात होती. आत बैठकीत भाड्याने उतरणाऱ्यांसाठी चार भाषांत नियमांचा कागद लावला होता, त्यांत आमची बोली नव्हती. मागच्या खोलीत पलंग फिरवून दुसऱ्या भिंतीला लावला होता. कालव्याकडच्या भिंतीवर गोंडोल्याचा मोठा फोटो. आमेदेओने गमबूट काढून दारामागे जोडीने ठेवले, फोटो खाली उतरवला आणि माझा हात धरून भिंतीवर टेकवला. एका जागी रंग खरवडलेला होता, बाकी भिंत गुळगुळीत होती. पांढरी. कोरडी.

"वाळलाय," तो म्हणाला. "कधीचाच."

कसं कळलं, असं मी विचारलं. नातीने संगणकावर सगळ्यांत स्वस्त खोली शोधली, तो म्हणाला, आणि फोटोत खिडकीबाहेरचा लोखंडी आकडा दिसला, आपण गळ अडकवायचो तो. त्याच दिवशी तुझं गिलाव्याचं पत्र आलं होतं, ओल आईच्या उशीपर्यंत उतरली म्हणून केलाय असं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली.

"मग सकाळीच का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हटलं," आमेदेओ म्हणाला. "दिवसभर वेळ होता की तुला."

मी पलंगाच्या कडेला बसलो. त्याने माझे बूट ओढून काढले, नियमांच्या कागदाशेजारचं जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि चुरगळून बुटांत कोंबलं, आमच्या आईची पद्धत. रात्री तो या खोलीत दिवा लावत नाही म्हणाला. अंधारात चालता येतं, फक्त पलंगाला धडकतो. रेघ शोधली त्याने, नखाने खरवडून, रंगाचे तीन थर निघाले, रेघ निघाली नाही. घरमालकाचा नियम आहे, भिंती खराब करू नयेत, म्हणून वर फोटो टांगला. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तक्रार केली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"मेस्त्रेला ये," मी म्हणालो. "लिफ्ट आहे."

"मागची खोली आहे?"

"मागं रस्ता आहे. पुढची आहे एक. तिथं लुईजिना कपडे वाळत घालते."

तो विचार करत होता, खरंच करत होता, मला दिसत होतं. "भोंगा ऐकू येतो का तिथं?"

"नाही."

"मग नको," आमेदेओ म्हणाला. उद्या अकराला खोली सोडायची होती, चादरी काढून दाराशी ठेवायच्या होत्या. परतीचं तिकीट त्याने आधीच काढलेलं होतं. ते तो न वापरता फाडायला घेऊन आला होता, असं तो म्हणाला, आणि मग म्हणाला, स्वस्तातलं होतं, तारीख बदलली तर पैसे पडतात.

माझे बूट वाळणार नव्हते. त्याने वडिलांचे गमबूट माझ्यापुढे ठेवले आणि सकाळी मी येऊन परत ठेवायचे असं ठरलं, कारण घरातल्या सामानाच्या यादीत ते लिहिलेले होते: गमबूट, एक जोड. मी ते घालून बसने मेस्त्रेला आलो. बाहेर रस्ता कोरडा होता. बसमधल्या लोकांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. सकाळी मी ते परत न्यायला गेलो तेव्हा दार बंद होतं. चादरी बाहेर घडी करून ठेवल्या होत्या, त्यांवर माझे बूट, अजून ओले. गमबूट मी दाराशी ठेवले आणि ओरेस्तेकडे न वळता परत आलो.

गेल्या आठवड्यात ओरेस्तेचा फोन आला, पत्र आहे म्हणून. मी गेलो तेव्हा त्याने ते या वेळी काउंटरवर सरळ उघड्यावर ठेवलं. मी ते बसमध्ये वाचलं. ॲडलेडला उन्हाळा कडक आहे. लिंबं यंदा बारीक आली. मुलीने आवारातल्या खोलीला पंखा बसवला. नाव, तारीख, सगळं जिथल्या तिथं. आणि शेवटी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या अक्षरात, एक ओळ: मागच्या भिंतीची ओल कुठवर आलीय?

ही शिक्षा आहे की भीक, ते कळायला माझ्याजवळ काही साधन नाही. त्याची मान समोर असती तरी कळलं नसतं. लुईजिनाने पत्र वाचलं, पलटून बघितलं आणि म्हणाली, आता तरी खरं लिहा. रात्रीचे कपडे पुढच्या खोलीत वाळत होते. मी स्वयंपाकघरात बसलो, समोरची भिंत कोरडी होती, आणि बराच वेळ पेन धरून मी ऐकत राहिलो. बाहेर मोटारी जात होत्या. मग लिहिलं: या हिवाळ्यात जरा वाढली आहे. रेघेपासून चार बोटं.